तिसऱ्या गावाला जाणाऱ्या बायका

परभणीत पाहण्यासारखं काय आहे, असं निघण्यापूर्वी पुण्यात मला तिघांनी विचारलं. सून म्हणाली, "बाबा, एवढ्या थंडीत कशाला? एकोणऐंशी पूर्ण झालीत तुम्हाला." मी म्हटलं, हुरडा खायला चाललोय. ते खोटं नव्हतं. पण अर्धंच खरं होतं.

उरलेलं अर्धं आधीच सांगून टाकतो. मी शेतीशी संबंधित एका सरकारी खात्यात अधिकारी होतो. खात्याचं नाव लिहीत नाही. चूक माझी आहे, ती त्याच्या माथी कशाला? माझ्या हाताखाली वत्सला खंदारे नावाच्या बाई होत्या. त्या काळी दर मार्चअखेर साहेबानं हाताखालच्या माणसाबद्दल एक गुपचूप शेरा लिहायचा, त्याला गोपनीय अहवाल म्हणत. एका वर्षी वत्सलाबाईंच्या अहवालात मी लिहिलं, "दौऱ्याच्या कामास अयोग्य. लोकांसमोर बोलण्याचा आत्मविश्वास नाही." वाईट शेरा असला की तो त्या माणसाला पत्रानं कळवत, आणि पत्रावर वरच्या साहेबाची सही असे. आमचे वरचे साहेब म्हणजे जोशी साहेब. पत्र हातात घेऊन वत्सलाबाई माझ्या टेबलापाशी आल्या, तेव्हा मी म्हणालो, "मी चांगलंच लिहिलं होतं हो. वरून बदललं असणार."

त्या शेऱ्यानं त्यांचे दौरे बंद झाले. अकरा वर्षं त्या एका खोलीत बसून, उगवण तपासायला ओल्या कागदावर ठेवलेलं बियाणं मोजत राहिल्या. जोशी साहेबांशी त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. त्या बौद्ध कुटुंबातल्या, साहेब ब्राह्मण. ऑफिसातल्या लोकांनी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला आणि मी तो लावू दिला.

मागच्या वर्षी जोशी साहेब परभणीतच गेले. मी वत्सलाबाईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "कळलं मला. मी गेले नाही, सर. पाय निघाला नाही." मग विषय बदलून म्हणाल्या, "तुम्ही या की एकदा. आता आम्ही बायकांचं काम करतोय खेड्यापाड्यात. तुम्हाला बघायला आवडंल." जानेवारीत तिकीट काढलं. जाऊन त्यांना खरं सांगायचं, एवढंच ठरवलं होतं. सांगता आलं नाही तर मी तसाच मरणार, हेही दिसत होतं.

परभणी

स्टेशनाबाहेर ऑटोवाल्यांच्या गराड्यातून वाट काढत होतो, तर समोर पांढऱ्या स्कूटीवर वत्सलाबाई. अडुसष्ट वर्षांच्या, डोक्याला मफलर, पायात बूट.

"बसा मागं, सर. पिशवी पुढं द्या."

आयुष्यात मी बाईमाणसाच्या मागे बसलो नव्हतो. खात्याच्या जीपमध्ये पुढची सीट माझी असे आणि त्या मागे, बियाण्याच्या पोत्यांच्या शेजारी. हे मला स्कूटीवर पाय कुठे ठेवायचा ते शोधताना आठवलं. त्यांना आठवलं की नाही, माहीत नाही. बाजारातून त्यांनी गाडी अशी काढली की मी डोळे मिटून घेतले.

"घट्ट धरा सर, पडलात तर सूनबाई मला विचारंल!"

घरी गरम धपाटे, दही आणि हिरव्या मिरचीचा ठेचा होता. आमच्याकडे धपाटे म्हणून जे मिळतं ते जाड थालीपीठच असतं. इथले पातळ, कडेला जरा करपलेले, आणि हाताच्या बोटांचे ठसे तसेच. तिसरा खात होतो तेव्हा नसीमआपा आल्या. या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. सगळा जिल्हा त्यांना सिस्टर म्हणतो. पस्तीस वर्षं गावोगाव बाळंतपणं केली. आल्या आल्या माझ्या ताटात बघून म्हणाल्या, "अरे बाबा, ठेचा हल्लू खाव. इथं डॉक्टर लांब हाय."

या दोघी आणि त्यांच्यासारख्या चार-पाच निवृत्त बाया मिळून हे काम करतात. कुणी शिक्षिका होती, कुणी तहसील कचेरीत कारकून. त्यांच्या गटाला नाव नाही. बॅनर नाही, माइक नाही, शाल-श्रीफळ तर मुळीच नाही. मी विचारलं, "मग बायकांना तुम्ही काय शिकवता? भाषण करायला?"

"भाषण कशाला?" वत्सलाबाई म्हणाल्या. "कचेरीत गेली की आधी आपलं नाव सांगायचं, मग गाव, मग काम. 'घरी विचारून सांगते' म्हणायचं न्हाई. एवढं जमायला वरीस जातंय, सर."

"आन फोन," नसीमआपा म्हणाल्या. "साहेबाला फोन लावायचा आन तो हॅलो म्हणला की कट न्हाई करायचा. लय जणी कट करत्यात."

त्यांचे नियम दोनच आहेत. पहिला शिवारफेरीचा: सगळ्या मिळून एकेकीच्या शेतात जायचं आणि ज्या बाईचं शेत, तिनंच बोलायचं. तिच्या वतीनं दुसरा कुणी बोलला, मग तो नवरा असो, दीर असो की साहेब, त्यानं पुढच्या शेतापर्यंत पाण्याची कळशी वाहायची. दुसरा नियम तिसऱ्या गावाचा. त्यांच्या लक्षात आलं होतं की खेड्यातली बाई जन्मभर दोनच गावांना जाते, माहेर आणि सासर. दोन्हीकडे ती कुणाची तरी लेक किंवा सून. तिसऱ्या गावात तिला कुणी ओळखत नाही, तिथे तिला स्वतःचंच नाव सांगावं लागतं. म्हणून आपल्या शेतात धड बोलली की तिला तिसऱ्या गावी न्यायचं, तिथल्या बायकांना शिकवायला.

"हे कुणाला सुचलं?" मी विचारलं.

"मला. बियाणं मोजता मोजता." वत्सलाबाई ताट उचलत म्हणाल्या. "जोशी साहेबांची कृपा. अकरा वर्षं दिली त्यांनी मला विचार करायला."

नसीमआपांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाणी प्यायलो. सांगायला तीच वेळ होती आणि ती गेली.

सोनपेठकडचं एक गाव

दुसऱ्या दिवशी एसटीनं सोनपेठकडे निघालो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी जमीन, तिच्यात ज्वारी कणसात आलेली, मधूनमधून करडईचे काटेरी पट्टे. थंडी चांगलीच होती. सोनपेठच्या अलीकडे, गोदावरीपासून फार लांब नाही असं एक गाव. आम्ही तिथं उतरलो तर फाट्यावर वीस-बावीस बायका वाट बघत उभ्या. नसीमआपांना बघून तीन-चार पोरं धावत आली. त्या प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणत होत्या, "हा माझा. हा पण माझा. ह्यानं लय दमवलं आईला."

पहिलं शेत रुक्मिणीचं होतं. पस्तिशीची, सावळी, अंगानं किरकोळ बाई. दोन एकर. तिच्या दोन्ही लेकरांची बाळंतपणं नसीमआपांनीच केलेली. बांधावर तिचा दीर अंकुश आधीच येऊन उभा होता, पण तोंडावर उपरण्याचं टोक धरून. मला बाजूला घेऊन म्हणाला, "सायेब, तुमी नवे हाव म्हनून सांगतो. कायबी इचारलं तर गप ऱ्हावा. मागच्या येळंला कळशी मलाच लागली व्हती. समद्या गावानं बगितलं."

मी हसलो. मला वाटलं, मी चाळीस वर्षं शेतांवर फिरलेला माणूस, मला कसला नियम.

रुक्मिणीच्या शेतात तूर उभी होती. निम्म्या रानातल्या तुरीला फांद्या नेहमीपेक्षा जास्त, शेंगांनी वाकलेल्या. एका बाईनं विचारलं, "ही अशी कशानं झाली गं?" रुक्मिणीनं पदर नीट केला, घसा साफ केला, आणि म्हणाली, "ते... म्हंजे मी पावसाळ्यात..." आणि थांबली.

मला राहवलं नाही. "याला शेंडे खुडणं म्हणतात," मी म्हणालो. "पेरणीनंतर दीड-दोन महिन्यांनी वरचा शेंडा खुडला की बाजूच्या फांद्या..."

"कळशी!" अंकुश ओरडला. त्याला एवढा आनंद झालेला मी नंतर पाहिला नाही. मग सगळ्या बायका, "कळशी! सायेबाला कळशी!"

वत्सलाबाई हसल्या नाहीत. स्टीलची कळशी त्यांनी विहिरीवरून स्वतः भरून आणली, वयाकडे बघून अर्धीच, आणि माझ्या हातात दिली. "सर, नियम सगळ्यांना सारखा."

मी ती खांद्यावर घेतली. रुक्मिणी मात्र आता खुलली होती. बहुतेक माझ्या अंगावर पाणी सांडताना बघूनच. म्हणाली, "सायेबांनी सांगितलं ते बुकातलं. मला बुकाचं ठावं न्हाई. मला शेळीनं शिकवलं." मग तिनं सांगितलं. तीन वर्षांमागे तिची शेळी सुटली आणि तुरीच्या एका ओळीचे शेंडे खाऊन गेली. दिरानं शेळीला मारलं, रुक्मिणीला बोलला. दिवाळीनंतर बघते तर त्याच ओळीला शेंगा जास्त. पुढच्या वर्षी तिनं कुणाला न सांगता एक पट्टा हातानं खुडला. त्याच्या पुढच्या वर्षी दोन. "आवंदा निम्मं रान खुडलंय. आन भावजी," ती अंकुशकडे वळली, "तुमी मारलेली शेळी तीच हाय बगा, लिंबाखाली. माफी मागा तिची."

बायका इतक्या हसल्या की दोघी बांधावर बसल्याच. अंकुश डोकं खाजवत म्हणाला, "वैनी लय बोलायलीय आता."

मी कळशी घेऊन पुढच्या शेताकडे निघालो. वाट ढेकळांची. एका चपलेचा अंगठा तुटला, पायात काटा गेला, सदरा डाव्या बाजूनं ओला. रुक्मिणी मागून म्हणाली, "सायेब, डोईवर घ्या, खांद्यावर हिंदकळतंय." डोक्यावर घेतली तर जास्त सांडलं. ज्या ज्ञानासाठी मला सरकारनं पगार दिला ते या बाईनं शेळीकडून घेतलं होतं, आणि ते तिच्या तोंडून ऐकायला मी दोन मिनिटंही थांबलो नव्हतो. काटा पुढच्या बांधावर नसीमआपांनी सुईनं काढला. "पस्तीस वर्षं बाळं काढली," त्या म्हणाल्या, "काटा पहिल्यांदाच काढायली."

दुपारी हुरडा. शेणाच्या गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजत होती, बायका ती हातावर चोळून हिरवे दाणे मधल्या परातीत टाकत होत्या. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी, दही, उकडलेल्या तुरीच्या शेंगा. आमच्याकडे हल्ली हुरडा पार्टीचं पॅकेज मिळतं, झोके आणि उंटाच्या फेरीसकट. इथे मात्र कणसं चोळून हात लाल झालेल्या बायकाच आधी खात होत्या. हा नियम नव्हता. आगटीजवळ बसलेल्यानं आधी खायचं, अशीच इथली पद्धत.

तिथंच मला तो दिवस आठवला, ज्या दिवसामुळे मी तो शेरा लिहिला. असाच हुरड्याचा दिवस होता, असाच बायका-माणसांचा गोल. वत्सलाबाई खात्यात नव्या होत्या. बियाण्याबद्दल मी बोललो, नंतर त्या बोलल्या. मग सगळ्यांनी प्रश्न विचारले ते त्यांनाच. एक म्हातारा म्हणाला, "बाई सांगत्यात ते कळतंय." मार्चमध्ये अहवाल लिहायला बसलो तेव्हा तो म्हातारा माझ्या डोक्यात होता. आत्मविश्वास नाही, असं मी लिहिलं, कारण त्यांच्याकडे तो माझ्यापेक्षा जास्त होता.

संध्याकाळी रुक्मिणी आमच्याबरोबर परभणीला यायला निघाली. दुसऱ्या दिवशी तिला तिसऱ्या गावी जायचं होतं. तिची सासू फाट्यापर्यंत आली. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. म्हातारी नसीमआपांना म्हणाली, "सिस्टर, हिला तुमच्याच घरी झोपवा. आन हिला सांगा, तितं गेल्यावर माजं नाव नगं सांगू, स्वोताचं सांग म्हनावं."

चुडावा

चुडावा पूर्णा तालुक्यातलं गाव. त्याला रेल्वे स्टेशन आहे, म्हणून परभणीहून गाडीनंच गेलो. रुक्मिणी खिडकीपाशी बसली आणि पूर्णा येईपर्यंत बाहेरच बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "मॅडम, मी बोललेच न्हाई तर?"

"तर आपण परत येऊ. गाडी हाय की संध्याकाळी," वत्सलाबाई म्हणाल्या.

"तुमी सांगाल ना काईतरी?"

"न्हाई."

एका घराच्या मोठ्या अंगणात सभा होती. तीसेक बायका, काही कापसाच्या वेचणीवरून आलेल्या, ओटीत कापूस तसाच. मला एका कडेला खाट दिली. रुक्मिणी मध्ये उभी राहिली. आधी नाव सांगितलं, मग गाव, मग काम. तुरीची गोष्ट सांगितली, शेळीपासून. आवाज लहान होता, पण पोचत होता. सगळं नीट चाललं होतं, एवढ्यात मागून एक धिप्पाड बाई म्हणाली, "आगं पर आमी काय करावं मग? तुरीत शेळ्या सोडाव्या का?"

अंगण हसलं. आणि रुक्मिणी गोठली. तोंड उघडं, हात पदरावर. तिनं वत्सलाबाईंकडे पाहिलं.

वत्सलाबाई तिच्याकडे बघत नव्हत्या. खाली मान घालून आपल्या पिशवीची चेन लावत होत्या. चेन लागलेली होती, तरी लावत होत्या. मी बाजूलाच होतो म्हणून मला दिसलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, नसीमआपांनाही ठाऊक असेल. आदल्या दिवशीचा मी असतो तर केव्हाच बोलून मोकळा झालो असतो. अंगणात कुणाचं तरी लेकरू रडलं, गप झालं. रुक्मिणी अजून उभीच. मला वाटलं, ही आता खाली बसणार आणि पुन्हा कधी उठणार नाही. वत्सलाबाईंनी मान वर केली नाही.

मग रुक्मिणी म्हणाली, "सोडा की. पर माझी शेळी न्या. तिला शेंड्यावर थांबायचं कळतंय. तुमची बुडापस्तोर खाईल."

ती धिप्पाड बाईच सगळ्यात मोठ्यानं हसली. "ये, हितं फुडं ये, नीट सांग," म्हणून तिनं आपल्या शेजारी जागा केली. पुढचा तासभर बायका रुक्मिणीला सोडेनात. किती उंचीवर खुडायचं, खुडलेलं टाकायचं कुठं, नवऱ्याला सांगायचं की नाही. या शेवटच्या प्रश्नाला ती म्हणाली, "आधी खुडा. शेंगा आल्यावर सांगा."

मोठमोठ्या सभागृहांत मी सत्काराचे हार घेतलेत, दिलेत. एका माणसानं दुसऱ्यासाठी एवढं मोठं काम केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते काम म्हणजे पिशवीची लागलेली चेन लावत बसणं.

परतीची गाडी उशिरा होती. फलाटावर नसीमआपा आणि रुक्मिणी शेंगा सोलत एका बाकावर बसल्या, वत्सलाबाई माझ्या बाकावर. ऊन उतरत होतं. मी म्हणालो, "वत्सलाबाई, तो शेरा जोशी साहेबांनी लिहिला नव्हता. मी लिहिला. त्यांनी बदलला, हे मी तुम्हाला खोटं सांगितलं."

त्या वळल्या नाहीत. रुळांच्या पलीकडे एक गाय चरत होती, तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी एकच विचारलं. "सही करताना त्यांनी काही म्हटलं होतं का?"

"हो. 'नक्की ना? चांगल्या वाटतात मला त्या,' असं म्हणाले. मी म्हटलं, मी रोज बघतो त्यांना, नक्की."

वत्सलाबाई उठल्या आणि त्या दोघींच्या बाकावर जाऊन बसल्या. गाडीतही त्या माझ्या डब्यात नव्हत्या. नसीमआपा तेवढ्या माझ्यासमोर आल्या, बसल्या. त्यांना सांगितलं गेलं होतं, हे चेहऱ्यावरून कळत होतं. पूर्णेला त्यांनी चहा घेतला, मलाही एक दिला. तो चहा कोमट होता आणि मी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो.

पुन्हा परभणी

लॉजवर सकाळी आठला फोन आला. "सर, तयार राहा. जोशीकाकूंकडं जायचंय." आवाज ऑफिसातल्यासारखा. या वेळी स्कूटी नव्हती, ऑटो होता. त्या पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या.

"वत्सलाबाई, मी तुमची..." मी मागून सुरुवात केली.

"माझं नंतर. आधी त्यांचं."

जुन्या कॉलनीतलं बैठं घर. जोशीकाकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी, दारातच खुर्ची टाकून उन्हाला बसल्या होत्या. पंच्याऐंशीच्या पुढच्या असाव्यात. वत्सलाबाईंना ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. ओळखल्यावर त्यांनी हातातली जपमाळ मांडीवर ठेवली. मी समोरच्या पायरीवर बसलो आणि सांगितलं.

"काय?" काकूंनी कानाला हात लावला. "मोठ्यानं बोला. मला ऐकू येत नाही."

मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं, जरा गुंडाळून. अहवाल, प्रक्रिया, पत्रावरची सही.

"कुणाची सही?"

शेजारच्या गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालत होती, तिचा हात थांबला. मी उभा राहिलो आणि ओरडून म्हणालो, "ह्यांच्याबद्दल वाईट मी लिहिलं. साहेबांनी नाही. आणि नाव साहेबांचं घेतलं." गल्लीत कोपऱ्यावरचा भाजीवालाही बघायला लागला. हेच वाक्य मला चाळीस वर्षं सापडत नव्हतं. ते एवढंच होतं.

काकू म्हणाल्या, "ऑफिसातून आले की म्हणायचे, खंदारे बाई माझ्याकडं बघत नाहीत, काय चुकलं कळत नाही. शेवटी शेवटी पण म्हणायचे." थांबून म्हणाल्या, "लिहून द्या हे. मुलगा बंगलोरला असतो. त्याला पाठवायचंय."

त्यांनी आतून वही आणि पेन आणून दिलं. मी पायरीवरच लिहायला बसलो. काय केलं ते लिहिलं, कुणाविरुद्ध केलं ते लिहिलं. मग एक ओळ लिहिली, "त्या काळी सगळीकडे असंच चाले." वत्सलाबाई माझ्या मागे उभ्या राहून वाचत होत्या, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी वाकून त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे काढा, सर. जोशी साहेबही त्याच काळातले होते."

मी ती ओळ खोडली. खाली पूर्ण नाव लिहिलं, तेव्हाचा हुद्दा लिहिला, तारीख घातली. काकूंनी कागद डोळ्यांजवळ नेऊन सगळा वाचला, खोडलेलंसुद्धा.

मग त्या वत्सलाबाईंकडे वळल्या. "तुमचे मालक गेले तेव्हा आम्ही दोघं आलो होतो तुमच्या घरी. तुम्ही आतल्या खोलीतून बाहेर आला नाहीत."

या बाईनं किती जणींना बोलतं केलं ते मी तीन दिवस पाहत होतो. वत्सलाबाईंचे ओठ हलले. शब्द आला नाही. त्यांनी मफलर काढला, हातात चुरगळला, पुन्हा तोंड उघडलं. काकूंनी घाई केली नाही. शेजारची दुसरी खुर्ची त्यांनी हातानं जवळ ओढली.

मी मध्ये काहीतरी बोलायला गेलो. चूक माझीच होती, त्यांची नव्हती, असं काहीतरी. काकूंनी माझ्याकडे न बघता हात वर केला.

"तुम्ही निघा आता," त्या म्हणाल्या. "त्या थांबतील."

मी चपला घातल्या, फाटक उघडलं, आणि बाहेर येऊन ते हळूच लावून घेतलं.